ओठाला कळेल एवढं तेल

तेराव्याला दोन दिवस उरले असताना, मुखरूची घोंगडी कोणी धुवायची यावरून त्याच्या घरात पहिल्यांदा आवाज चढला.

तोवर सगळे हळू बोलत होते. रडणंसुद्धा पदराआड चाललं होतं. पण अकराव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता केसरबाई सहज बोलून गेली, "रिठे सरले न वो बुधरे? उद्या घोंगडी धुवाची हाये," आणि रंभाच्या हातातली बशी कपावर आपटली.

"बुधरी काऊन?" ती म्हणाली. "मी नाई का घरात?"

मुखरूच्या घराण्यात रीत होती. माणूस गेला की त्याची रोजची घोंगडी खुंटीवर तशीच राहू द्यायची. बाराव्याला घरातल्या बाईनं ती धुवायची, तेराव्याला अंगणात अंथरून तिच्यावर तांदळाची रास घालायची, दिवा ठेवायचा, आणि गोतानं पाया पडल्यावर ती थोरल्या मुलाच्या खांद्यावर टाकायची. चार पिढ्या मेंढरं राखणाऱ्या या कुरमारांच्या घरात सोनंनाणं वाटून द्यावं असं कधी नव्हतंच. बापाकडून मुलाकडे जायची ती घोंगडी. धुणाऱ्या बाईला काही मिळत नसे. पण शेवटचा हात तिचा, एवढं गावाला माहीत असे.

"तुमी नाई का आजाची घोंगडी धुतली?" रंभानं विचारलं. "तुमी बी लेकच होत्या न आत्याबाई?"

केसरबाई मुखरूची पाठची बहीण. विधवा झाल्यापासून ती भावाकडेच राहत होती, आणि तिचं बोलणं या घरात शेवटचं असे.

"होती न. तवा घरात सून नोती," ती म्हणाली. "आन् मुखरूनं मले सोताच्या तोंडानं सांगतलं बाप्पा. माही घोंगडी बुधरीले धुवू द्या. तिले लोकर समजते."

तिले लोकर समजते. रंभाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लोकरीच्या ढिगावर जिचं रांगणं झालं तिला समजत नव्हती, आणि भातखाचरं लावणाऱ्या घरातून सात वर्षांपूर्वी आलेल्या पोरीला समजत होती.

"रंभाबाई म्हनते त धुवू दे न तिले," दारातून देवाजी म्हणाला. रंभाचा हा धाकटा भाऊ, बुधरीचा नवरा, कोणालाच दुखवू शकत नसे, म्हणून त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

"तू मेंढरं सोड," केसरबाईनं त्याला वाटेला लावलं.

बुधरीनं सगळ्यांच्या कपबशा उचलल्या, रंभापुढचीही उचलली, आणि म्हणाली, "मी माहेराहून रिठे घिऊन येतो. दुपारलोक वापस येतो."

न भांडता जिंकते, रंभाच्या मनात आलं. आपल्याला ते कधी जमलं नाही.

*

या अकरा दिवसांत रंभानं एकेक गोष्ट मोजून ठेवली होती. बाबाच्या चुन्याची डबी कुठे असते ते बुधरीला ठाऊक. बाबानं दोन वर्षांपासून मीठ कमी केलं होतं, ते बुधरीला ठाऊक. रात्री त्याची टाच दुखते आणि तिच्यावर एरंडाचं पान बांधावं लागतं, तेही तिलाच. शेवटच्या दिवशी त्यानं "बुधरे, पानी दे," म्हटलं, हे केसरबाईनं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. प्रत्येक वेळी रंभा उठून आत गेली होती. एकदा तिनं देवाजीला गोठ्यामागे गाठलं.

"मले हाक मारली का रे त्यायनं?"

देवाजीला खोटं बोलता येत नव्हतं. तो एका कोकराचा कान चाचपत राहिला.

तार भद्रावतीला पोचली तेव्हा श्रीहरी, तिचा नवरा, दिवसपाळीला कारखान्यात होता. ती एकटीच निघाली. चंद्रपूरपर्यंत एसटी, तिथून नागभीडची छोटी गाडी, पुढे अडीच कोस बैलगाडी. ती अंगणात शिरली तेव्हा माती होऊन गेली होती, माणसं आंघोळी करून ओल्या अंगानं परतत होती. तोंड पाहायला मिळालं नाही. ती कोणावर रागावली नाही. मेंढरांच्या घरात माणूस उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला तर थांबता येत नाही, हे तिला कळत होतं. पण आता तिच्या हातून बापासाठी करण्यासारखं एकच काम उरलं होतं आणि ते खुंटीवर टांगलेलं होतं.

या सगळ्याच्या खाली एक जुनी गोष्ट होती, जी तिनं कोणालाही सांगितली नव्हती.

ती लहान असताना मुखरू कातरलेली लोकर बोडीवर धुवायचा. बोडी म्हणजे त्यांच्या घरामागचं छोटं तळं. रिठ्याच्या कोमट पाण्यात लोकर दाबायची, पिळायची नाही, पुन्हा दाबायची. मध्येच तो ओली बट घेऊन यायचा आणि रंभा जिथे असेल तिथे तिच्या खालच्या ओठावरून ती ओढायचा. ती ओरडायची, "शी बाबा, चिकट हाये!" मग तो हसत परत जायचा, थोड्या वेळानं पुन्हा यायचा. ती पळायची, तो मागे. लग्न होईपर्यंत, सतरा वर्षांची घोडी झाली तरी, हा खेळ चालला. आई होती तेव्हा, तिला वाटे, पोरीला लाडावून ठेवतो. भावाशी तो कधी असं खेळला नाही.

आणि तीन वर्षांपूर्वी माहेरपणाला आली असताना तिनं घराच्या मागच्या दारातून पाहिलं. बोडीच्या काठी बुधरी उकिडवी बसली होती. बाबानं ओली बट तिच्यापुढे धरली. बुधरीनं ती आपल्या ओठावरून ओढली आणि मान हलवली. त्यानं मान डोलावली, बट पुन्हा पाण्यात टाकली. दोघंही हसले नाहीत. एकमेकांना पुरतं ओळखणारी माणसं जशी न बोलता वागतात तसं झालं सगळं.

रंभा त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून न जेवता झोपली होती.

*

बुधरी निघून गेली. देवाजी मेंढरं घेऊन पहाडीकडे गेला. जेवण झाल्यावर केसरबाई पडवीत कलंडली आणि तिचा घोरण्याचा आवाज सुरू झाला.

रंभानं खुंटीवरून घोंगडी काढली.

ती तिच्या अंदाजापेक्षा जड होती. काळी, हातभर रुंदीच्या दोन पट्ट्या जोडून केलेली, मुखरूनं स्वतः विणलेली. मानेजवळचा भाग तेलकट होऊन चकाकत होता. तिथे डोक्याचं तेल, घाम, धूर, मेंढीच्या अंगाचा वास, तंबाखू, सगळं एकात एक बसलेलं. तिनं क्षणभर तोंड त्यात खुपसलं आणि लगेच बाजूला केलं. रडायला वेळ नव्हता.

तेल कसं काढायचं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. भद्रावतीच्या कॉलनीत श्रीहरीचा निळा डगला रोज काळा होऊन यायचा. फिटरच्या कपड्याला वंगण कसं लागतं ते ज्याच्या घरी फिटर आहे त्यालाच ठाऊक. आधी रॉकेलचा बोळा, मग उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा, त्यात दोन तास, मग पिवळ्या साबणाची वडी आणि ब्रश. शेजारच्या बायका डाग घेऊन तिच्याकडे यायच्या. "रंभाबाईच्या हातात काही टिकत नाही," असं त्या म्हणत आणि ती ते मनाशी जपून ठेवी. सोडा आणि साबण तिनं येतानाही बॅगेत टाकला होता, तेराव्याच्या दिवशी श्रीहरीचे कपडे धुवावे लागतील म्हणून.

वंगण ते वंगण, तिनं मनाशी म्हटलं. यंत्राचं असो नाही तर मेंढीचं.

अंगणातल्या चुलीवर तिनं मोठा गुंड पाण्यानं भरून चढवला. पाण्याला आधण आलं तसा दोन मुठी सोडा टाकला, मग आणखी एक, आणि घोंगडी आत सोडली. काठीनं खाली दाबली.

पाणी पाहता पाहता गढुळलं. आधी चहासारखं, मग काळपट, आणि वर पिवळसर तवंग येऊन थरथरू लागला. रंभाला बरं वाटलं. तिनं तवंग काढून टाकला, तर पुन्हा आला. इतकी वर्षं धुतली म्हणतात, आणि हे एवढं आत ठेवलं होतं! लोकर समजते म्हणे. ती जोरानं काठी फिरवू लागली. बुधरी परत येईल, दोरीवर स्वच्छ घोंगडी दिसेल, पदरातले रिठे पदरातच राहतील. त्या वेळचं बुधरीचं तोंड तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की हात भाजल्याचंही तिला उशिरा कळलं.

मग तिनं घोंगडी दगडावर घेतली, साबण लावला, ब्रश मारला, पायांनी तुडवली, आणि विहिरीचं गार पाणी बादल्यांनी वर ओतलं.

पहिल्या बादलीला काही झालं नाही. दुसऱ्या बादलीला पायाखालची घोंगडी आखडली. एखादं जिवंत जनावर अंग चोरतं तशी. रंभा दगडावरून खाली उतरली. तिनं दोन टोकं धरून ओढली. ती ताणली गेली नाही. पुन्हा ओढली. वीण दिसेनाशी झाली होती. उभा धागा कुठला आणि आडवा कुठला, काही कळत नव्हतं. सगळं मिळून दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा जाड नमदा झाला होता.

तिनं ती दोरीवर टाकली. जी दोरीच्या दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकायची ती आता गुडघ्याच्या वरच संपत होती. रंभानं मानेजवळचा भाग शोधला. कुठला होता तेही सापडेना. तिनं नाक लावलं. साबणाचा वास आला. भद्रावतीच्या कॉलनीत, गुरुवारी दुपारी, सगळ्या दोऱ्यांवरून येतो तोच.

*

बुधरी दुपार कलताना आली. पदरात रिठे होते, पायांवर धूळ होती. दोरीकडे पाहून ती उभी राहिली. जवळ गेली, काठ चिमटीत धरला आणि सोडला. मग रंभाकडे पाहिलं. रंभा विहिरीच्या कट्ट्यावर ओल्या लुगड्यानं बसली होती.

तेवढ्यात केसरबाई उठली, पडवीतून बाहेर आली आणि दोरीकडे पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"अगो माय माय! हे का करून ठेवलं वो? कोनं धुतली?"

मागोमाग देवाजी आला. मेंढरं अंगणात शिरून उरलेल्या पाण्याला तोंड लावू पाहत होती आणि तो त्यांना हाकलायचं विसरला.

"मी धुतली आत्याबाई," बुधरी म्हणाली. "घाईघाईत पानी जास्त तपलं."

"तू? तुले सात वर्स शिकवलं त्यानं, आन् तू पानी तपवलं?"

"चुकलं माहं."

रंभा ऐकत होती. तिला आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा संताप तिच्या डोक्यात गेला. चुन्याची डबी तिची. एरंडाचं पान तिचं. शेवटचं पाणी तिचं. आता ही चूकसुद्धा उचलून घेऊन निघाली. उद्या गाव म्हणेल, बिचारी बुधरी, सासऱ्याची घोंगडी तिच्या हातून बिघडली, तरी एक शब्द बोलली नाही.

"खोटं बोलून राह्यली ते," रंभा उभी राहून म्हणाली. "मी धुतली. सोडा मी टाकला, उकळलं मी, तुडवली मी. माह्या बापाची घोंगडी मी नासवली. तिले मधात घ्याचं काम नाई."

केसरबाई दोघींकडे आळीपाळीनं पाहू लागली. चोरीचा आळ एकमेकींवर ढकलणाऱ्या जावा तिनं जन्मभर पाहिल्या होत्या. चुकीवर हक्क सांगणाऱ्या दोघी ती पहिल्यांदाच पाहत होती.

"सोडा?" एवढंच ती म्हणाली. "मेंढीच्या केसाले सोडा टाकला? अवो, थो का तुह्या नवऱ्याचा पॅंट हाये?"

देवाजीला हसू फुटलं. त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. तो वळून मेंढरं हाकू लागला.

केसरबाई मग बराच वेळ बोलली. शहरातल्या बायका, पांढरी पावडर, थोरल्या माणसाचं न ऐकणं, सगळं तिनं बोलून घेतलं. रंभा उभी राहून ऐकत होती. अकरा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या वाट्याला काहीतरी आलं होतं जे दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

*

तेरावा पार पडला. घोंगडी अंगणात अंथरली तेव्हा तांदळाची रास तिच्यावर कशीबशी मावली. गोतातल्या म्हाताऱ्यांनी विचारायचं ते नजरेनं विचारलं. केसरबाईनं सगळ्यांच्या आधी बोलून टाकलं, "लेकीनं धुतली. लेकीचा हात जोराचा पडला." देवाजीच्या खांद्यावर टाकली तेव्हा ती कोपरापर्यंतच आली. एक म्हातारा पुटपुटला, "थंडी एका बाजूनंच वाजन रे बाप्पा," आणि लोक हसले. रंभा हसली नाही. पण तिला वाटलं होतं तितकं ते जिव्हारी लागलं नाही. श्रीहरी तिच्या मागे उभा होता, त्यानं तिच्या भाजलेल्या बोटांना लावायला सकाळीच गावातून मलम आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. सकाळी रंभा मागच्या दारात आली. बोडीच्या काठी बुधरी उकिडवी बसली होती. मुखरू गेला त्याच्या आदल्या दिवशी कातरलेली लोकर सुतकात तशीच पडून राहिली होती. फार दिवस ठेवली तर कसर लागते. बुधरीनं रिठे भिजवून चोळले होते, पाण्यावर फेस होता. मोहाच्या झाडाखाली चूल मंद होती.

रंभा गेली आणि जवळ बसली. बुधरीनं सरकून जागा दिली.

"पानी किती तपवाचं?" रंभानं विचारलं.

"आपल्या आंगाइतकं. जास्त नाई. आन् धुवाले जे गरमी, खंगाळाले बी तेच गरमी." बुधरी लोकर दाबत होती. पाण्याखालून दुधासारखं काहीतरी सुटत होतं. "सगळं तेल काढाचं नाई बाई. सगळं काढलं त घोंगडी पानी धरते. पावसाचं पानी वरून घसरलं पाह्यजे. थोडं ठेवाचंच."

"थोडं म्हंजे किती?"

बुधरीचे हात थांबले.

"थेच त मले समजत नाई," ती म्हणाली. "ओठाले समजते म्हने. चिकटलं त जास्त हाये. सुकं लागलं त कमी झालं. मंधात एक राह्यते, तवा थांबाचं. मामाजीचा ओठ तंबाखू-चुन्यानं मेला होता. त्यायले कायच नाई समजे."

रंभानं तिच्याकडे पाहिलं.

"म्हून थे तुमच्या ओठाले लावत," बुधरी म्हणाली. "लहानपनी. तुमी चिकट हाये म्हनलं का अजून धुवत. ज्या दिवशी तुमी काई न म्हनता नुसत्या पळत, त्या दिवशी लोकर काढून सुकवत. तुमचं लगन झालं, मंग मायचा ओठ पाह्यला, देवाजीचा पाह्यला. कोनाचाच बरोबर नाई. मंग मी आली."

बोडीवर एक बगळा उतरला. रंभाला आईचा शब्द आठवला. लाडावून ठेवतो. आणि तो शब्द इतकी वर्षं तिनं किती घट्ट धरून ठेवला होता, तेही.

"मले काऊन नाई सांगतलं त्यायनं?"

"मी बी विचारलं होतं. म्हने, सांगतलं असतं त पोरीनं इचार करून सांगतलं असतं. इचार करून समजत नाई हे. मले त सांगून टाकलं न, म्हून माहं दर खेपी चुकते." बुधरीनं ओल्या हाताच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं. "दर खेपी मामाजी एकच म्हनत. रंभीचा ओठ असता त पयलेच समजलं असतं. सात वर्स आयकलं मी बाई. खोटं काऊन बोलू, मले तुमचा राग ये. तुमची चिठ्ठी आली का मी उठून चुलीपाशी जाऊन बसो."

"चिठ्ठीत काईच नोतं राहत."

"नसन. पन मामाजी थे दोनदा वाचून घेत."

रंभा पाण्याकडे पाहत राहिली. खेळ नव्हता तो, लाडही नव्हता. बाप तिच्याकडे काम घेऊन येत होता, आणि ती पळत होती. हे तिला आनंदाचं वाटलं की दुःखाचं, ते तिला लगेच ठरवता आलं नाही. पुढेही कधी ठरवता आलं नाही.

"मंग दोरीपाशी खोटं काऊन बोलली तू?"

"तुमी गावात दोन दिवस राहनार, मंग थेच बोलने संगं घिऊन जानार," बुधरी म्हणाली. "मले त रोजच राहाचं हाये. बोलने खाऊन घेन मी." मग लोकर उलटत, "आन् तुमच्या हातानं नासली असं झालं असतं, त मामाजीचं म्हननं खोटं झालं असतं न. लोकर तुमाले समजते म्हनत थे. तुमाले, आधी. मंग मले."

घराकडून श्रीहरीची हाक आली. बैलगाडी जुंपली होती. रंभानं "आली" म्हणून उत्तर दिलं, पण उठली नाही.

बुधरीनं पाण्यातून एक बट काढली. हलकेच दाबून पाणी सोडवलं. आपल्या ओठाकडे नेता नेता तिचा हात मध्येच थांबला आणि वळला. बट रंभाच्या तोंडासमोर आली. काळी, ओली, रिठ्याच्या वासाची, आणि त्या वासाखाली तोच दुसरा वास.

रंभानं डोळे मिटले. ओठावरून बट ओढली गेली.

"चिकट हाये," ती म्हणाली.

बुधरीनं बट पाण्यात टाकली. पुन्हा दाबलं, तेवढ्याच कोमट पाण्यात खंगाळलं, पुन्हा दाबलं. श्रीहरीनं दुसरी हाक मारली. बट पुन्हा वर आली. रंभानं या वेळी विचार करायचा प्रयत्न केला आणि काहीच कळलं नाही, म्हणून तिनं विचार सोडून दिला.

बट ओठावरून गेली. चिकटली नाही. खरखरलीही नाही.

"थांब," रंभा म्हणाली.